घड्याळ चालू आहे, दिवा गेलाय

पंचवीस-तीस वर्षं वापरलेल्या मोटारीत कधीतरी हे घडतंच. दिवसा डॅशबोर्डावरच्या घड्याळातले आकडे स्वच्छ दिसतात. तिन्हीसांजेला दिव्यांचं बटण दाबलं की स्पीडोमीटर उजळतो, पेट्रोलचा काटा उजळतो आणि घड्याळाच्या जागी नुसती काळी चौकट उरते. हातखंब्याहून रात्री रत्नागिरीत उतरताना किंवा आरे-वारेच्या रस्त्यानं समुद्राच्या कडेकडेनं जाताना नजर सवयीनं तिथे जाते आणि रिकामी परत येते. सकाळी पाहावं तर वेळ अगदी बरोबर. घड्याळ रात्रभर चालूच होतं. गेला होता तो त्याच्यामागचा दिवा.

पुष्कळ जण ते तसंच सोडून देतात. खिशात मोबाइल असतोच. मला मात्र हा दिवा प्रत्येकानं एकदा तरी स्वतःच्या हातानं बदलावा असं मनापासून वाटतं. आगपेटीएवढ्या जागेत धातू, काच, स्फटिक आणि एक विलक्षण द्रव असे चौघे तिथे शेजारी शेजारी नांदत असतात. त्यांतल्या प्रत्येकाला तिथवर आणायला माणसाला कैक वर्षं झगडावं लागलं आहे. आणि हे सगळं पाहायला लागतं काय, तर दहाचा पाना, एक पेचकस आणि तासाभराची सवड.

दिवसा दिसणारं घड्याळ रात्री का दिसत नाही, इथून सुरुवात करू. काही गाड्यांच्या घड्याळात निळसर-हिरवे आकडे स्वतःच उजळतात. ती निर्वात नळीची वेगळी जात. तिला मागून दिवा लागत नाही. आपण बोलतोय ते एलसीडीच्या, म्हणजे द्रवस्फटिकाच्या घड्याळाबद्दल. एलसीडी स्वतः प्रकाशाचा एक कणही निर्माण करत नाही. तिच्या हाती दोनच गोष्टी: आलेला प्रकाश जाऊ द्यायचा किंवा अडवायचा. दिवसा काचेतून आलेलं ऊन तिला पुरतं. रात्री तिच्यामागे दिवा नसेल, तर आकडे तिथे असतात, बदलतही असतात, फक्त अंधारावर अंधारानं लिहिलेले असतात.

या द्रवाची गोष्ट १८८८ साली प्रागमध्ये सुरू झाली. फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवत होता. १४५.५ अंश सेल्सियसला तो वितळला, पण गढूळ झाला. आणखी तापवत गेल्यावर १७८.५ अंशांना तो एकदम निवळला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? त्या मधल्या गढूळ अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहत होते आणि तरीही स्फटिकातल्यासारखे एका दिशेनं शिस्तीत उभे होते. त्यानंतर जवळजवळ ८० वर्षं हे एक शास्त्रीय नवल म्हणूनच राहिलं. १९७० च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी त्याला कामाला लावलं. दोन काचांमध्ये काही मायक्रॉनची फट ठेवायची, तिच्यात हा द्रव भरायचा आणि काचांच्या आतल्या पृष्ठभागांची घडण अशी ठेवायची की एका काचेपासून दुसरीपर्यंत जाताना रेणूंची रांग काटकोनात पिळली जाईल. दोन्ही काचांवर ध्रुवणपट्ट्या, म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या, बसवायच्या, त्याही एकमेकींशी काटकोनात. एरवी अशा दोन पट्ट्यांमधून प्रकाश पार होत नाही. पण मधली पिळलेली रांग प्रकाशाच्या कंपनाची दिशाच वळवून देते आणि तो आरपार निघून येतो. आता जिथे थोडा विद्युतदाब द्यावा, तिथले रेणू उभे राहतात, पीळ जातो आणि तेवढा भाग काळा होतो. अशा सात पट्ट्यांचा एक आकडा. तुमच्या घड्याळातल्या आठाच्या आकड्यात सातही ठिकाणी रेणू उभे असतात, एकात फक्त दोन ठिकाणी.

या विषयात आपल्याकडचं नाव जगभर आदरानं घेतलं जातं, ते एस. चंद्रशेखर यांचं. १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह त्यांनी दाखवून दिलं, की काठीसारखे लांबट रेणूच नव्हेत तर चकतीसारखे चपटे रेणूही द्रवस्फटिक होऊ शकतात. घड्याळातले रेणू काठीच्या जातीचे असतात. पण द्रवस्फटिकांचं घराणं किती मोठं आहे हे जगाला त्या प्रयोगानंतर कळलं.

एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या डॅशबोर्डावर साधा कॅल्क्युलेटर विसरला, तर कधी कधी त्याची पट्टी पूर्ण काळवंडलेली सापडते आणि सावलीत ठेवल्यावर पूर्ववत होते. ते रायनिट्झरचं दुसरं तापमान आहे, बऱ्याच खालच्या अंशांवर आलेलं. रेणूंची शिस्त मोडली, पीळ गेला, प्रकाश अडला. मोटारीच्या घड्याळात म्हणूनच जास्त उष्णता सोसणारं मिश्रण भरतात.

आता हातानं करायचं काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, म्हणजे चुकून कुठे पेचकस टेकला तरी ठिणगी नाही. एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबून मगच डॅशबोर्डाला हात लावायचा. घड्याळाभोवतीची प्लास्टिकची चौकट बहुतेक वेळा खटक्यांवर बसलेली असते. इतक्या वर्षांत त्या प्लास्टिकचा मऊपणा गेलेला असतो आणि घाई केली की खटका तुटतो. गाडी थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवून काम सुरू केलं तर प्लास्टिक जरा वाकायला तयार होतं. पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून एकेका बाजूनं उचलायचं. मागे एक-दोन स्क्रू, मग वायरींचा जोड. त्या वायरी मोजून पाहा: बहुधा चार असतात. एक बॅटरीतून कायम येणारी, एक चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, एक दिव्यांच्या बटणाची, एक बॉडी अर्थ. वेळ राखणारी वीज आणि प्रकाश देणारी वीज वेगवेगळ्या वाटांनी येतात, म्हणूनच एक मेली तरी दुसरी जगते.

घड्याळाच्या पाठीला एक छोटा गोल होल्डर दिसेल. तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरवला की बल्बासकट हातात येतो. काही घड्याळांत बल्बाच्या तारा सरळ सर्किटवर सोल्डर केलेल्या असतात. तिथे सोल्डरिंगची सवय असलेला माणूस गाठावा. बल्बावर पुष्कळदा हिरवी किंवा निळी रबरी टोपी असते. ती फेकू नका. तुमच्या मीटरचा रंग त्या टोपीतून येतो.

बल्ब हातात आला की भिंग घ्या. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा क्षण हाच.

काचेच्या बुडातून दोन तारा आत जातात. काच जिथे त्यांना घट्ट धरून आहे तिथे त्या तांबूस दिसतील. काच आणि धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. कोणताही धातू काचेत गाडला तर थोड्याच दिवसांत फट पडते आणि हवा आत शिरते. एडिसनच्या काळात यावर एकच उत्तर होतं: प्लॅटिनम, कारण त्याचं प्रसरण काचेशी जुळतं. म्हणजे प्रत्येक दिव्यात मौल्यवान धातू गाडावा लागायचा. पुढे निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूवर तांब्याचं आवरण चढवून तेच जमवलं गेलं. तो तांबूस रंग त्या आवरणाचा. काही रुपयांच्या बल्बात अनेक वर्षं हवेचा कणही शिरू न देणारा हा सांधा आहे.

आत फिलामेंट. १.२ वॅटच्या बल्बात त्याची तार साधारण २० मायक्रॉन जाडीची असते; माणसाचा केस याच्या तिपटीचौपटीनं जाड. ती टंगस्टनची. सर्व धातूंत टंगस्टन सर्वांत उशिरा, ३,४२२ अंशांना वितळतो, म्हणून दिव्याला तोच हवा होता. अडचण अशी, की शुद्ध करून घेतलेला टंगस्टन मुळात ठिसूळ. त्याची तार ओढायला गेलं की तुकडे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी कित्येक वर्षं यावर घालवली. टंगस्टनची भुकटी दाबून, तापवून, गरम असतानाच ठोकत ठोकत त्यांनी तिचे कण लांबवले आणि १९१० च्या सुमारास हिऱ्याच्या छिद्रांतून ओढता येईल अशी लवचिक तार तयार झाली. तरी एक दोष राहिला: तापलेली तार हळूहळू लोंबकळायची. त्यावरचा उपाय भुकटीत पोटॅशियमचा अंश मिसळण्यात सापडला. उपाय लागू पडला तेव्हा तो का लागू पडतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अनेक दशकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की तारेच्या आत पोटॅशियमच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या ओळी आहेत आणि त्या धातूच्या कणांना जागच्या जागी धरून ठेवतात. तुमच्या हातातल्या तारेतही त्या आहेत.

टंगस्टनचं खनिज आपल्या राज्यातही आहे, नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना भागात. आणि घड्याळाच्या पाठीतून आत डोकावलात तर जी पांढरीशुभ्र पोकळी दिसते, बल्बाचा प्रकाश सगळीकडे पसरवणारी, तिचं नातं तर थेट रत्नागिरीच्या किनाऱ्याशी जुळतं. प्लास्टिकला तसा पांढरेपणा देतो टिटॅनियम डायऑक्साइड. आणि तो ज्या खनिजापासून काढतात त्या इल्मेनाइटनं मिऱ्या आणि काळबादेवीची वाळू काळी झालेली आहे. काळबादेवीच्या पुळणीवरची वाळू ओंजळीत घेऊन चुंबक फिरवून पाहा; काळे कण वर येतात. त्यांत मॅग्नेटाइट आधी चिकटतं, इल्मेनाइटला जोरदार चुंबक लागतो. इतक्या काळ्या वाळूतून असा पांढराशुभ्र रंग निघतो, याचं मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

आता एक छोटा प्रयोग. नवा बल्ब आणाल तेव्हा बसवण्याआधी मल्टिमीटरनं त्याचा रोध मोजा. गणित सांगतं, बारा व्होल्टला १.२ वॅट म्हणजे ०.१ अँपिअर, म्हणजे १२० ओहम. मीटर मात्र दाखवेल दहा-अकराच्या आसपास. बल्ब खराब नाही आणि मीटरही खराब नाही. टंगस्टन तापला की त्याचा रोध वाढत जातो, आणि पेटलेली तार दोन हजार अंशांवर असते. थंड तार वाट मोकळी सोडते, म्हणून बटण दाबल्याच्या पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत नेहमीच्या दहापट करंट धावतो. मग तार तापते आणि स्वतःच स्वतःला आवर घालते.

दिवे नेमके लावतानाच का जातात, याचं उत्तर यातच आहे. पेटलेल्या तारेवरून टंगस्टनचे अणू सतत उडत असतात. या लहान बल्बांत निर्वात पोकळी असते, त्यामुळे उडालेला अणू सरळ काचेवर जाऊन बसतो. वर्षानुवर्षं हे चालतं. तारेचा एखादा बिंदू इतरांहून किंचित बारीक होतो. बारीक झाला म्हणून जास्त तापतो. जास्त तापला म्हणून तिथून अणू जास्त उडतात. म्हणून आणखी बारीक होतो. एका संध्याकाळी दहापट करंटचा तो पहिला क्षण येतो आणि तेवढ्याच जागी तार वितळून तुटते. भिंगातून तुटलेली टोकं पाहिलीत तर गोल झालेली दिसतील. काचेच्या आत करडा आरसा चढलेला असेल तर तो तिथे जमलेला टंगस्टनच. आरशाऐवजी पांढरी भुकटी दिसली तर निदान वेगळं: सांध्यातून हवा शिरली आणि धातू जळून त्याचं ऑक्साइड झालं. बल्ब वयानं गेला की अपघातानं, हे असं काचेवरून वाचता येतं.

या झिजेचं गणित थक्क करणारं आहे. व्होल्टेज पाच टक्क्यांनी कमी केलं तर प्रकाश सुमारे १५ टक्क्यांनी घटतो, पण आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. कारण आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. इंजिन चालू असताना गाडीच्या तारांत बारा नव्हे, चौदाच्या आसपास व्होल्ट असतात. म्हणून डॅशबोर्डाच्या दिव्यांची तेजी कमी-जास्त करणारी चकती ज्यांनी नेहमी थोडी खाली ठेवली, त्यांचे बल्ब खूप टिकतात. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथल्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून जळतो आहे. त्याची तार कार्बनची आहे, आणि तो अतिशय मंद जळतो. दीर्घायुष्याचं कारण मुख्यतः हा मंदपणाच.

मात्र रत्नागिरीत बल्बाला दोष देण्याआधी होल्डर पाहावा. इथला वारा खारा, पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, तशीच होल्डरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट पुटं चढतात आणि करंट अडतो. साध्या खोडरबरानं त्या पट्ट्या आणि सर्किटवरचे ठिपके घासून घ्यावेत, काँटॅक्ट क्लीनर असेल तर मारावा. पुष्कळदा जुनाच बल्ब पुन्हा लागतो.

नवा घ्यायचा तर साळवी स्टॉप ते कुवारबाव या रस्त्यावर किंवा कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जुना बल्ब दाखवून बारा व्होल्टचा तसाच कॅपलेस मीटर बल्ब मागावा. वॅट तेवढेच हवेत. जास्त उजेडाच्या हौसेनं मोठा घातला तर त्याची उष्णता पांढऱ्या पोकळीला पिवळी करते आणि पुढे ध्रुवणपट्टीही भाजते. या बल्बात विजेचा फार थोडा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता.

एलईडी लावावा का? लावता येतो, गरम होत नाही, टिकतोही. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि आजचे पांढरे एलईडी त्या निळ्यावरच उभे आहेत. पण तो एकाच दिशेनं करंट घेतो. लागला नाही तर काढून उलटा बसवून पाहायचा. त्याचा उजेड समोर जास्त पडतो, त्यामुळे घड्याळाचा मध्य झगमगतो आणि कडेचे आकडे मंद राहतात. तेजीची जुनी चकती त्याला नीट ऐकत नाही. आणि पांढऱ्या एलईडीवर ती जुनी हिरवी टोपी घातली तर शेजारच्या मीटरशी रंग जुळत नाही. तारेच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग अखंड असतात, टोपी त्यातून हवा तो निवडते. एलईडीचा पांढरा निळा आणि पिवळा मिळून झालेला असतो. माझा कौल तारेच्या बल्बाला. जो पहिला पंचवीस वर्षं टिकला, त्याच जातीचा दुसरा टिकायला हरकत नाही.

सगळं बसवून बॅटरी जोडली की घड्याळ एक वाजल्याचं किंवा बारा वाजल्याचं दाखवत लुकलुकेल. त्याची स्मृती गेली, पण ताल गेला नाही. आत क्वार्ट्‌झचा एक तुकडा असतो. क्वार्ट्‌झ दाबला तर वीज देतो, हे १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधलं. त्याउलट, वीज दिली तर तो थरथरतो. मनगटी घड्याळातला क्वार्ट्‌झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. मोटारींच्या अनेक घड्याळांत ४१,९४,३०४ कंपनांचा घालतात. ही संख्या बावीस वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. एवढा वेगवान स्फटिक का? मनगटी घड्याळाचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास उत्तम चालतो, आणि मनगट त्याला तशा उबेत ठेवतं. तो बंद गाडीत ६५ अंशांवर तापला तर त्या वेगानं दिवसाला साडेचार-पाच सेकंद मागे पडेल. वेगवान स्फटिक वेगळ्या कोनात कापलेला असतो आणि उन्हाची पर्वा फारशी करत नाही.

वेळ लावताना आपण मोबाइल पाहतो. त्या वेळेचं मूळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या सीझियमच्या घड्याळांत आहे, जिथे एका सेकंदात ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं मोजली जातात. आणि ती वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, रत्नागिरीची नव्हे. रत्नागिरी ७३.३ अंशांवर; म्हणजे आपला सूर्य ३७ मिनिटं मागे. भाट्याच्या पुळणीवर काठी रोवली तर तिची सावली सर्वांत आखूड होते ती सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २१ च्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५१ च्या सुमारास. १ जानेवारी १९०६ ला भारताची एकच प्रमाणवेळ ठरली, तेव्हा मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ सोडायला कडाडून विरोध केला होता आणि पुढे कित्येक दशकं ती जपली होती. त्या हिशेबानं चाललेलं घड्याळ रत्नागिरीच्या सूर्याशी दोनच मिनिटांनी हुकलं असतं.

वेळ लावून झाल्यावर महिनाभरानं मोबाइलशी ताडून पाहावी. फरक पन्नास सेकंदांच्या आत असेल तर स्फटिक उत्तम आहे. त्याहून जास्त असेल, तर काही जुन्या घड्याळांत स्फटिकाजवळ बारीक स्क्रूचा एक ट्रिमर असतो. तो केसभर फिरवून वेग सुधारता येतो. दिवा बदलायला घड्याळ उघडाल तेव्हाच तो आहे का, हे पाहून ठेवा.